तुमच्या तेराव्याला पंखे मी बंद केले

ताई, तुमच्या तेराव्याला भर पंगतीत पंखे मी बंद करायला लावले. वैशाखातलं ऊन, अंगणात मांडव, पानात वाफाळता वरणभात आणि माणसं घामानं नुसती निथळत होती. कल्याणच्या मामी पदरानं वारा घेत शेजारणीला म्हणाल्या, मंगलचं डोकं दुःखानं फिरलंय. मी ऐकलं. दुःखानं नाही फिरलं, रागानं फिरलंय आणि अजून जागेवर आलेलं नाही. घरात कोणाशी बोलायला गेले की भांडण होतंय, म्हणून तुमच्याशी बोलतेय. तुमच्याशीही भांडणच होणार, पण तुम्हाला निदान त्याची सवय आहे.

आधी तुमच्यावरचा राग काढून घेते. छातीत जळजळतंय, छातीत जळजळतंय म्हणत किती दिवस ओवा चघळत होतात तुम्ही? मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन येऊ. तुम्ही म्हणालात, "उन्हाळा आहे मंगल, पित्त झालंय, तू तुझ्या कुरडयांकडे बघ." आणि त्याच दिवशी बादली घेऊन मागच्या अंगणात गेलात, अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायला. घरात कुठे वीज फुटलीच तर ती माणसात न जाता जमिनीत जावी, म्हणून तिथे तांब्याची पट्टी पुरलीय ना, ती कोरडी पडता कामा नये. दर उन्हाळ्यात न चुकता. जमिनीत पुरलेल्या पट्टीची एवढी काळजी आणि स्वतःच्या छातीची नाही. विज्ञान शिकवत होतात ना आयुष्यभर? मग एवढं कसं कळलं नाही? सकाळी चहा घेऊन वर आले तर तुम्ही खुर्चीत बसलेल्या, चष्मा हातात, आणि हाताला हात लावला तर गार. तो चहा मी तसाच खाली घेऊन आले आणि मोरीत ओतला. यांना, म्हणजे तुमच्या भावाला, कसं सांगितलं ते मला आठवतही नाही.

नणंद-भावजय एका घरात, तेही हेंद्रेपाड्यासारख्या सगळ्यांना सगळं माहीत असलेल्या ठिकाणी. लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. पटत नव्हतंच. तुम्ही कात्रपच्या शाळेत बाई, बदलापुरातली निम्मी पोरं तुमच्या हाताखालून गेलेली, लग्न केलं नाहीत, निवृत्त झालात आणि वरच्या मजल्यावर राहायला आलात. मी सोनिवलीची, शेतकऱ्याची पोर, पापड-कुरडयांचा धंदा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. तुम्ही हळू बोलायच्या आणि शेवटी तुमचंच खरं व्हायचं. त्याची मला इतकी चीड यायची की भांडण संपल्यावर मी उगाच भांडी आपटायची. तुम्ही वरून विचारायच्या, "काही फुटलं का गं?"

आणि गच्ची. गच्ची माझी होती ताई. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे पापड तिथे वाळले. तुम्ही एक दिवस म्हणालात, छतावर सोलर लावू या, आपली वीज आपण करू, उरली तर रस्त्याला देऊ. मी म्हटलं, रस्त्याला कशाला द्यायची, रस्ता आपला कोण लागतो? तुम्ही हसलात. पापडांसाठी टाकीकडची पट्टी सोडू म्हणालात आणि सोडलीतही, पण दुपारनंतर तिथे टाकीची सावली पडते हे विज्ञानाच्या बाईंच्या लक्षात आलं नाही. हे मी तुम्हाला दर उन्हाळ्यात ऐकवलंय. यंदाही ऐकवलं.

सामान बघायला आपण उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, बोलायला एकदम गोड. तुम्हाला "अदी" म्हणाला, म्हणजे त्यांच्यात ताई, आणि मला "भाभी". मी पहिला प्रश्न माझ्या मतलबाचा विचारला, लाइट गेल्यावर चालेल ना हे?

"भाभी, नियम से तो लाइट गई कि ये भी बंद," तो म्हणाला. "पर मेरा आदमी सेटिंग कर देगा. फिर चलता रहेगा. सब करवाते हैं."

मला तर तो देवमाणूसच वाटला. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "और खंबे पे जो चढ़ता है, उसकी सेटिंग कौन करेगा?"

तो आधी हसला, मग थांबला. "अदी टीचर हैं क्या?" तुम्ही हो म्हणालात. त्यानं मान हलवली आणि पुढे सेटिंगचं नाव काढलं नाही. सामान तुम्ही त्याच्याकडूनच घेतलंत. परत येताना रिक्षात मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही मला केळी घेऊन दिलीत, ती मात्र खाल्ली.

मग सुरू झाला तुमचा सोवळेपणा. मी त्याला सोवळेपणाच म्हणायचे. आधी वीज कंपनीकडे अर्ज. मग आपल्या घराला किती भार मंजूर आहे ते बघायला माणूस येणार. मग पॅनल, मग अर्थिंग, मग तपासणी, मग येणारी आणि जाणारी अशी दोन्ही वीज मोजणारा नवा मीटर, आणि मग कुठे बटण दाबायचं. अंबरनाथचा फिटिंगवाला इन्व्हर्टर खालच्या व्हरांड्यात बसवायला निघाला, पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं ते यंत्र. तुम्ही त्याला भिंतीवरची पुराची रेष दाखवलीत आणि विचारलंत, "पोहता येतं का रे तुझ्या मशीनला?" मग ते जिन्याच्या वळणावर गेलं, रेषेच्या बरंच वर. तिथून ते स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसतं, म्हणजे लाइट गेली की त्याचा लाल दिवा मला टुकटुक करतो.

पॅनल बसले. वायर खाली आली. सगळं तयार. आणि मीटर येईना. आज येतो, उद्या येतो, साहेब रजेवर आहेत, माल संपलाय. सगळा उन्हाळा ते पॅनल गच्चीवर नुसते चकाकत पडून राहिले आणि खाली आपण नेहमीसारख्याच. फिटिंगवाला म्हणाला, "मॅडम, चालू करून टाका, मीटर येईल तेव्हा येईल. कोण बघतंय?" तुम्ही त्या स्विचला कुलूप लावलंत. खरोखरचं कुलूप, शाळेच्या कपाटाचं. माझा संताप संताप झाला. लग्नात नवरी मांडवात आणून बसवायची आणि भटजींना बोलवायचंच नाही, असली तऱ्हा. मी म्हटलं, ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून त्या ऑफिसातल्यांचं फावतं. तुम्ही म्हणालात, "आपण त्यांना रोज जाऊन त्रास देऊ. पण चोरून नाही जोडायचं." आणि खरंच गेलात, छत्री घेऊन, रोज, त्या ऑफिसात बाकावर जाऊन बसायच्या. शेवटी तुमचाच कोणी विद्यार्थी तिथे निघाला आणि तुम्हाला बघून त्याला लाज वाटली असावी. मीटर आला. ज्या साहेबानं रखडवला त्याला मात्र लाज वाटली नाही, हे मी विसरलेली नाही. सरळ रस्त्यानं जाणाऱ्याला इतकं थांबवायचं की त्यानं कंटाळून आडवाट धरावी, आणि मग आडवाट धरली म्हणून त्यालाच बोल लावायचा. हे तुम्हाला पटायचं, पण तुम्ही रागावायच्या नाहीत. तुमच्या वाटचा राग मीच करत आलेय.

पण आपलं खरं भांडण शुक्रवारचं. कारखान्यांना सुट्टी, म्हणून तारांची कामं शुक्रवारी, म्हणून शुक्रवार हा आपल्याकडे लाइट जाण्याचा हक्काचा वार. सकाळी जाते ती कधी येईल तिची मर्जी. आणि नेमकी भर उन्हात, डोक्यावर एवढे पॅनल असताना, माझा पंखा बंद. जिन्यावरचा दिवा हिरव्याचा लाल. मी खाली उभी राहून ओरडायचे, "ऊन आपलं, छत आपलं, पॅनल आपले, मग पंखा कोणाच्या बापाचा?"

तुम्ही समजावलंत. किती वेळा समजावलंत. लाइट असते तेव्हा आपली वीज रस्त्याच्या तारेत जाते आणि शेजारी वापरतात, ते ठीक. लाइट बंद केली की तार मेली असं धरून माणूस तिला हात लावतो. अशा वेळी आपल्या छतानं तोंड उघडायचं नाही. ते यंत्र तेवढंच करतं, रस्त्यावर लाइट नाही असं दिसलं की गप्प बसतं. मला कळत होतं ताई. कळूनही उकडत होतं.

मग एका शुक्रवारी तुम्ही तो डाव केलात. तुमचा विद्यार्थी संतोष, आता आपल्या भागात लाइनमन, कोपऱ्यावरच्या खांबाचं काम उरकून चालला होता. तुम्ही त्याला हाक मारून घरात घेतलंत, खुर्चीवर बसवलंत, मला चहा करायला सांगितलंत. मी आणून दिला. तो बिचारा कमरेचा पट्टाही न सोडता अवघडून बसलेला. आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "मंगल, आता याला सांग, तुला शुक्रवारी पंखा हवाय."

असं करतात का कोणी? चहा पिणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होते? संतोष माझ्याकडे बघतोय, त्याला काही कळत नाहीये, बशीत चहा ओतून फुंकतोय. मी तोंड फिरवून आत गेले. तो गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं की हे भांडण नाही, ही लबाडी आहे. तुम्ही म्हणालात, "हो. पण आता त्याचं तोंड लक्षात राहील." आणि मग, बहुधा मला जरा जास्तच लागलंय हे बघून, तुम्ही कबूल केलंत की एक बॅटरी आणि एक वेगळा बोर्ड बसवू. एक पंखा आणि एक दिवा, रस्त्याच्या तारेशी ज्याचा काही संबंध नाही असा, रीतसर कंपनीला सांगून. "तुझ्या स्वयंपाकघरात," म्हणालात. "पुढच्या उन्हाळ्याच्या आत."

तो पंखा कुठाय ताई? उन्हाळा आला. तुम्ही गेलात. आणि मी अजून चुलीसमोर पदरानं घाम पुसतेय.

त्या डावाबरोबर तुम्ही मला एक गोष्ट शिकवली होती, पाढ्यासारखी म्हणून घ्यायच्या. रस्त्यावर लाइट नसताना जिन्यातला दिवा हिरवा दिसला तर काय? आधी खालचा मेन स्विच पाडायचा, मग डोकं खाजवायचं. मी विचारायचे, असं होईलच कसं, तुमचं शहाणं यंत्र आहे ना? तुम्ही म्हणायच्या, "यंत्र शहाणं आहे गं. पण त्याला कोणी फसवलं तर?" मला ते उगाच शाळा घेणं वाटायचं. घरात तुमच्याशिवाय कोण हात लावतं त्याला?

तेरावा नेमका शुक्रवारी आला. माझ्या लेकाच्या, रोहितच्या कंपनीला सुट्टी, नातेवाइकांनाही सोयीचं. सकाळी नेहमीप्रमाणे लाइट गेली. संतोष आदल्या दिवशीच सांगून गेला होता की काम संपलं की जेवायला येतो, बाईंचं पान मी चुकवणार नाही. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर काय चाललंय मला माहीत नव्हतं. आपल्या रोहितनं मांडववाल्या बबनला सांगून जनरेटर मागवला. टेम्पोवरून आला. मांडवातले मोठे पंखे तर लागलेच, पण हॉलमध्ये म्हातारी माणसं बसलेली, तिथेही पंखा हवा. मग बबननं त्याची ती वायर काढली. तुम्ही बघितली असतीत तर तिथेच उठून उभ्या राहिल्या असतात. दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं आपल्या हॉलमधल्या त्या मोठ्या सॉकेटमध्ये, जे तुम्ही कधीतरी एसी येईल म्हणून करून ठेवलं होतं. झालं, घरभर लाइट. बबन सगळ्या लग्नांत, बारशांत, मयतात हेच करतो. मेन स्विच पाडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "काकी, लाइटच नाही तर मेन कशाला पाडायचा?"

हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात? मला खरंच जाणून घ्यायचंय. मी जे म्हटलं ते तुमच्या फोटोसमोर बोलता येणार नाही.

पण ते नंतर. त्या वेळी मला फक्त हॉलमधून पंख्यांचा आवाज आला आणि वाटलं, चला, लाइट आली लवकर. तुमच्या फोटोचा हार वाऱ्यानं हलत होता. पहिला भात वाढून झाला, मी वरणाची बादली घेऊन निघाले, आणि समोरच्या पाटीलकाकी त्यांच्या दारातून ओरडल्या, "मंगल, लाइट आली गं आमच्याकडे, पण पंखा नुसता रडत फिरतोय."

रडत फिरतोय म्हणजे काय ते माझ्या लगेच लक्षात आलं नाही. मी सहज जिन्याकडे बघितलं. दिवा हिरवा होता. आणि अंगणात, मांडवाच्या मागे, जनरेटर घरघरत होता.

ताई, मला त्या क्षणी तुमचा आवाज आला वगैरे काही नाही. मला संतोष दिसला, बशीत चहा फुंकताना. बादली जिन्याच्या पायरीवर ठेवली, वरण सांडलं, आणि मी मेन पाडला. समोरून पाटीलकाकी म्हणाल्या, "गेली परत." आपल्या घरातले पंखे मात्र फिरतच होते. म्हणजे तोवर आपल्या मांडवातला जनरेटर, आणि त्याला रस्त्याची लाइट समजून बसलेले तुमचे पॅनल, दोघं मिळून गल्लीच्या तारेत वीज सोडत होते. बाईंच्या घरातून. बाईंच्या तेराव्याला.

मी तशीच अनवाणी बाहेर धावले. रस्ता तापलेला, पाय भाजले ते रात्री कळलं. कोपऱ्यावर खांबाला शिडी लावलेली आणि संतोष तिच्यावर अर्ध्यात, एका हातात पकड. मला बघून म्हणाला, "काय झालं काकी? पाटीलकाकी लाइट आली म्हणून ओरडल्या, म्हणून थांबलो. वरून, कंपनीकडून तर बंद आहे."

मी त्याला म्हटलं, खाली उतर. तो उतरला. मी त्याला सांगितलं काय झालं ते. त्यानं शिडी खांबापासून काढून भिंतीला टेकवली आणि फोनवर त्याच्या साहेबाला सांगायला लागला. माझी नजर त्याच्या हातातल्या पकडीवरून हलत नव्हती. पाटीलकाकींचा पंखा रडत फिरला म्हणून तो वाचला. त्यांनी जर पंख्याचं बटण बंद ठेवलं असतं तर? त्या जर गप्प स्वभावाच्या असत्या तर? तुमचा अर्ज, तुमचा मीटर, तुमचं कुलूप, तुमचा तो मिठाचा खड्डा, सगळं रीतसर, आणि शेवटी माणूस वाचला तो शेजारणीच्या तोंडाळपणामुळे. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतोय.

परत आले तर पंगत चालू. मी बबनला म्हटलं, मशीन बंद कर. तो म्हणाला, "काकी, मेन पाडलात ना? मग आता काही प्रॉब्लेम नाही, चालू द्या, जेवणं होऊ द्या." कल्याणचे मामाही म्हणाले, बरोबर आहे त्याचं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे भांडू नकोस, आजचा दिवस तरी. आणि खरं सांगू, क्षणभर मलाही वाटलं, मेन पाडलाय, होऊ दे. माणसं म्हातारी आहेत, ऊन आहे, मयताचं जेवण आहे.

पण लाइट आल्यावर तो मेन वर कोण करणार होतं? ज्याला घाई असेल तो. जनरेटर चालू आहे की बंद, कोण बघणार होतं? त्या वायरची पिन कोणी पायानं ओढून काढली तर उघड्या पिनेत वीज, आणि खाली लहान मुलं जेवताहेत. एका माणसानं एक बटण लक्षात ठेवावं, ह्या भरवशावर दुसऱ्यानं खांबावर चढायचं? तुमच्या तेराव्याला? मी म्हटलं, "बंद कर म्हणजे बंद कर. ज्यांना उकडतंय त्यांनी उकडून घ्या. ती असती तर तिनं तुम्हाला एक घास खाऊ दिला नसता." आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला एकेरीत बोलले, ताई, सगळ्यांसमोर. मामींना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बबननं बंद केला. आधी मशीन, मग वायर, एवढं तरी त्यानं ऐकलं. पंखे थांबले, तुमचा हार थांबला, जिन्यातला दिवा लाल झाला. माणसं जेवली. घामानं चिंब होऊन, कुरकुरत, पण जेवली. कोणी उठून गेलं नाही. जिलेबी तर दोनदा मागून घेतली.

रोहित मागच्या अंगणात, अर्थिंगच्या खड्ड्याजवळ उभा होता. मी त्याला सोलून काढायच्या तयारीनं गेले होते. तुमच्या मांडीवर बसून विज्ञान शिकलेला पोरगा, तुमचा लाडका, आणि त्याला कळू नये? तो म्हणाला, "आई, आत्याचं जेवण होतं गं. लोक घामानं उठून गेले असते तर तिला कसं वाटलं असतं?" आणि रडायला लागला. एवढा मोठा घोडा. तुम्ही गेल्यापासून रडला नव्हता. मी त्याला बोलले नाही. पकड हातात दिली आणि म्हटलं, जा, त्या वायरच्या दोन्ही पिना कापून आण. त्यानं कापल्या.

बबन म्हणाला, "काकी, धंद्याची वायर आहे ती. उद्या मला दुसरी बनवावी लागणार." आणि बनवेलच. प्रत्येक मांडववाल्याच्या टेम्पोत तसली वायर आहे हे मला आता माहीत झालंय. कात्रपला आहे, अंबरनाथला आहे, उल्हासनगरला तर असेलच. मी काय सगळ्यांच्या मागे पकड घेऊन फिरू? तुम्ही त्याला समजावलं असतंत, हळू आवाजात, फळ्यावर चित्र काढून. मला ते येत नाही. मी त्याला म्हटलं, "बबन, ती वायर परत तुझ्याकडे दिसली तर तुझ्या पंगतीला माझे पापड नाहीत. आणि हेंद्रेपाड्यात कोणाचेच मिळणार नाहीत, बघ." तो आधी हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचा थांबला.

संतोष उशिरा आला जेवायला. तोवर लाइट आली होती, मेन मी स्वतः वर केला, जनरेटर टेम्पोवर चढवलेला डोळ्यांनी बघून. तुमचं ते यंत्र नेहमीसारखं थोडा वेळ थांबलं, खात्री करून घेतली, आणि मग हिरवं झालं. पान वाढलं तेव्हा संतोष तुमच्या फोटोकडे बघून म्हणाला, "बाईंनी मला विज्ञानात नापास केलं होतं." मी म्हटलं, चांगलं केलं. तो हसला आणि जेवला. पोटभर जेवला. तो हातानं भात कालवत होता आणि मी तिथेच उभी होते, आणखी वाढायला काही नसताना. ताई, तुम्ही मला त्याचं तोंड लक्षात ठेवायला लावलंत ना, आता ते जातच नाही डोळ्यांसमोरून. ह्यासाठी तुमचे आभार मानू की तुमच्याशी भांडू, ते मला अजून ठरवता येत नाहीये. दोन्ही करते.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी म्हटली नाही. लाल दिवा बघून मी ओरडायचे ना, त्याच वेळी कधीकधी आतून बरं वाटायचं, की आपल्या घरात एक माणूस असं आहे, ज्याला ओळखीपाळखी नसलेल्या लोकांचीही एवढी फिकीर आहे. मला माझ्या माणसांपलीकडे कोणाचं काही पडलेलं नसतं. तुमच्यामुळे माझ्या माणसांत एक खांबावरचा वाढला. हे तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही शेफारला असतात आणि टाकीकडची पट्टीही घेतली असतीत, म्हणून म्हटलं नाही.

आज पुन्हा शुक्रवार आहे. लाइट गेलीय. गच्चीवर ऊन नुसतं भाजतंय, पॅनल तळपताहेत आणि स्वयंपाकघरात वाऱ्याचा पत्ता नाही. बॅटरी आणि वेगळ्या बोर्डाचं विचारायला रोहित ऑफिसात जाऊन बसलाय, तुमच्याच बाकावर. साहेब रजेवर आहेत म्हणे. छत्री घेऊन जा म्हटलं त्याला, रोज जावं लागेल.

मघाशी पाटीलकाकी आल्या होत्या वाटीभर साखर मागायला. मला घामानं भिजलेली बघून म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे सोलर आहे ना? मग पंखा लाव की. सगळे लावतात काहीतरी करून."

मला तुमच्यासारखं समजावता येत नाही ताई. मी त्यांचा हात धरला, त्यांना दारात आणलं आणि कोपऱ्यावरच्या खांबाकडे बोट दाखवलं. संतोष वर होता, दोन्ही हात तारेवर.